पाचवी शीळ

ऐन द्राहम, ६ एप्रिल

लख्मिसी मामा,

सलाम. फोनवर तू नुसतं "काय? काय?" करतोस आणि मग रागाने ठेवून देतोस, म्हणून पत्र लिहिते आहे. बूजमाची टॅक्सी आठवड्यातून दोनदा अन्नाबाहून ट्युनिसला जाताना आमच्या दारावरून जाते. एका कॉफीच्या बोलीवर तो टपाल न्यायला तयार झालाय.

सीमेवरच्या शिपायाने विचारलं, ट्युनिशियात कशाला? म्हटलं, स्वयंसेवक म्हणून, सहा महिने. पगार? म्हटलं, नाही, खोली आणि जेवण. त्याने पासपोर्ट उलटसुलट करून पाहिला आणि दुसऱ्या शिपायाला म्हणाला, "सोड हिला, हिच्याकडे लपवण्यासारखं काही नाही."

खरा धक्का पोचल्यावर बसला. अन्नाबात मी बाटलीबंद पाणी विकलं, लग्नाचे हॉल विकले, हाताखाली दोन माणसं होती. इथे 'अल-जनाह' संस्थेचं ऑफिस म्हणजे जंगलखात्याने टाकून दिलेलं एक घर. कौलं गळतात, एप्रिलात शेगडी पेटवावी लागते, आणि इंटरनेट हवं असेल तर छत्री घेऊन टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपाशी उभं राहायचं. संस्थेची आजवरची जाहिरात म्हणजे दारावरची एक पाटी. तिच्यावर 'सक्त मनाई' हे शब्द पाच वेळा आहेत.

संस्था चालवतात त्या मुंजियाबाई, निवृत्त शिक्षिका. मी त्यांना माझी प्रसिद्धीची चौदा पानी योजना दाखवली. त्यांनी ती शेवटपर्यंत वाचली, दोन चुका लाल पेनाने दुरुस्त केल्या आणि मला भांडी घासायला पाठवलं. गावात मी तोंड उघडलं की लोक हसतात, आपली बोली त्यांना फार गमतीची वाटते. स्वयंपाकघरात एक मोठा फ्रीजर आहे, तो उघडायचा नाही अशी पहिल्याच दिवशी ताकीद मिळाली. का ते मी विचारलं नाही.

जंगल वाचवायचं काम आहे, एवढंच समज. सुलतानला माझा सलाम सांग. त्याच्या आवाजाशिवाय सकाळ झाल्यासारखी वाटत नाही.

तुझी वसीला

*

अन्नाबा, १३ एप्रिल

पोरी वसीला,

पत्र मिळालं. बूजमाने माझ्याकडूनही कॉफी उकळली.

फोनचा दोष माझ्यावर ढकलू नकोस. हल्ली सगळं जगच पुटपुटायला लागलंय. गिऱ्हाईक खुर्चीत बसून नुसते ओठ हलवतं. परवा एकाची मिशी गेली. म्हणे ठेवायची होती. मग मोठ्याने सांगायला नको? समोरच्या मशिदीचा भोंगा हिवाळ्यापासून बिघडलाय. मी इमामाला भर रस्त्यात सुनावलं, की वर्गणी घेता आणि भोंगा दुरुस्त करत नाही. तो माझ्याकडे बघतच राहिला. लाज वाटली असेल.

तुझी आई म्हणते, पोरगी फुकट राबायला परदेशी गेली. मी म्हटलं, जाऊ दे, कच्ची आहे. कच्च्या मक्नीन पक्ष्याला आपण काय करतो? उस्तादाच्या पिंजऱ्याशेजारी टांगतो. पोर आधी नुसतं ऐकतं. महिना-दीड महिन्यात उस्तादाचं गाणं आपसूक त्याच्या गळ्यात उतरतं. तूही त्या मास्तरीणबाईंच्या शेजारी महिनाभर तोंड मिटून बस. तोंड मिटणं तुला जड जाईल, ते मला ठाऊक आहे.

सुलतान मजेत आहे. आज सकाळी सात वेळा गायला, गाण्याच्या शेवटच्या शेपटीसकट. सात वर्षांचा झाला तरी अख्ख्या गावात त्याच्या तोडीचा पक्षी नाही. मी त्याला हल्ली वरच्या खोलीत ठेवलाय. दुकानात नजर लागते.

तिकडच्या पावसात डोकं झाकत जा.

मामा

*

ऐन द्राहम, २९ एप्रिल

मामा,

तुझ्यापासून एक गोष्ट लपवली. आता लपवत नाही, कारण ती दोन लाख लोकांना कळली आहे आणि तुझ्या दुकानापर्यंत यायला वेळ लागणार नाही.

अल-जनाह जंगल वाचवते हे खरं, पण जंगलातलं काय, ते मी सांगितलं नव्हतं. ती मक्नीन वाचवते. लाल तोंडाचा, पिवळ्या पंखाचा आपला मक्नीन, जो अन्नाबात घरोघरी पिंजऱ्यात टांगलेला असतो आणि रानात आता शोधूनही सापडत नाही. मी आले ती हे ठाऊक असूनच आले. तुझ्यासमोर उभं राहून सांगायची हिंमत नव्हती.

तो फ्रीजर मी उघडला. दूध शोधत होते. आत पक्षी होते, मामा, दाबून भरलेले. मार्चच्या शेवटी सीमेवर एक गाडी पकडली, तिच्या जादा चाकाच्या खाचेत दोनशे बारा मक्नीन होते. बायकांचे लांब मोजे कापून त्यांत एकामागे एक कोंबलेले, हलता येऊ नये म्हणून. एक्केचाळीस जिवंत निघाले. बाकीचे पुरावा म्हणून फ्रीजरमध्ये ठेवले आहेत. मी तिथेच जमिनीवर बसले. मुंजियाबाई आल्या, झाकण लावलं आणि म्हणाल्या, "आता तुझी योजना पुन्हा लिही."

लिहिली. चौदा पानांची एक ओळ झाली. ते एक्केचाळीस जण मागच्या अंगणातल्या मोठ्या जाळीच्या खोलीत आहेत. रोज पहाटे मी जाळीबाहेर रेकॉर्डर ठेवायचे. अकरा गाणी मिळाली. त्यांतलं एक ऐकलं आणि अंगावर काटा आला. शेवट तर असा, की मला आपलं घर आठवलं. कोणता पक्षी गात होता ते बाहेरून कळलं नाही. मी ते गाणं जसंच्या तसं इंटरनेटवर लोकांपुढे ठेवलं आणि खाली एकच वाक्य लिहिलं: 'हा आवाज पिंजऱ्यात शिकवता येत नाही.'

मामा, तीन दिवसांत दोन लाख लोकांनी ऐकलं. वीस मेला सगळे पक्षी जंगलात सोडायचे ठरलंय, मोठे पाहुणे येणार आहेत. तू रागावशील हे माहीत आहे. तरी एकदा ऐक. गाण्यातलं तुझ्याइतकं कोणाला कळतं?

वसीला

*

अन्नाबा, ४ मे

वसीला,

माझ्या दुकानात वाढलीस, माझ्या पिंजऱ्याखाली बसून पाढे पाठ केलेस आणि आता मला चोर ठरवायला निघालीस. छान.

मोजे वगैरे खोटं आहे. लोकांना रडवण्यासाठी तुझ्यासारख्यांनी रचलेलं. आमच्यातली माणसं पक्षी मांडीवर घेऊन जातात, वाटेत पाणी पाजतात. दोनशे पक्षी चाकाच्या खाचेत घालणारा माणूस माझ्या ओळखीत नाही.

तुझं ते गाणं मी ऐकलेलं नाही, ऐकणारही नाही. सुलतान रोज गातो, मला तेवढं पुरे.

मामा

ता.क. जे वाचले त्यांत तरणे किती आणि जुने किती, ते कळव. एक गिऱ्हाईक विचारत होतं.

*

ऐन द्राहम, १० मे

मामा,

घाईत लिहिते आहे, अक्षर सांभाळून घे.

काल टाकीपाशी जाऊन लोकांनी काय लिहिलंय ते पाहिलं. जवळजवळ दोन आठवडे सगळे वाहवा करत होते. काल अन्नाबातून लोक यायला लागले. पहिल्याने लिहिलं, 'रानातला आवाज म्हणे. अहो, हा तर न्हाव्याच्या दुकानातला.' मग दुसरा, मग तीस-चाळीस जण. सगळे हसताहेत. म्हणतात, गाण्याची ही शेपटी जगात एकाच घराण्याच्या पक्ष्याची, लख्मिसी न्हाव्याच्या. म्हणतात, पिंजऱ्यात शिकवता येत नाही असं सांगायला यांना नेमका पिंजऱ्यात शिकवलेलाच पक्षी सापडला.

मला आधी काही कळेचना. शेपटी शिकवलेली असते? मामा, लहानपणापासून आपल्या दुकानातला प्रत्येक मक्नीन गाणं असंच संपवायचा. तूही दाढी करताना तीच शीळ घालायचास. मला वाटायचं, तू त्यांची नक्कल करतोस. सगळे मक्नीन असंच गातात, असं मी आजवर धरून चालले होते. मग उरलेली दहा रेकॉर्डिंग पुन्हा ऐकली. एकातही तो शेवट नाही.

मुंजियाबाईंना सांगायला गेले तर त्यांना आधीच कळलं होतं. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "पाळलेला पक्षी रानात किती दिवस जगतो, ठाऊक आहे तुला? तीन." आणि माझ्याकडे पाठ करून धान्य निवडत बसल्या.

मामा, सुलतान कुठे आहे? रोज सात वेळा गातो असं लिहितोस. वरच्या खोलीत जा, पिंजऱ्यात बघ आणि खरं काय ते लिही. वीस तारखेला सगळ्यांना सोडणार. त्यांत सुलतान असेल तर तो मरेल, आणि त्याला मारणारी मी असेन.

वीसच्या आत उत्तर दे. बूजमाला दोन कॉफ्या पाज.

वसीला

*

अन्नाबा, १६ मे

पोरी,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी समोरचा बेकरीवाला दर्राजी फोन नाचवत दुकानात आला. ओठ हलवत होता. मी फोन कानाला लावला. काही नाही. म्हटलं, बंद आहे तुझा फोन. त्याने बेकरीतला मोठा स्पीकर उचलून आणला, माझ्या उंबऱ्यात ठेवला आणि फोन त्याला जोडला.

मी एकाच्या गालावर वस्तरा चालवत होतो. तो माणूस साबणाच्या तोंडाने गर्रकन दाराकडे वळला, कापता कापता वाचला. बाकावर डॉमिनो खेळणाऱ्यांचे हात थांबले. रस्त्यातली एक बाई पाव घेऊन उभी राहिली. सगळ्यांची तोंडं स्पीकरकडे, आणि मग सगळ्यांची नजर छताच्या त्या रिकाम्या हुकाकडे. मी एकटा होतो तसाच उभा. माझ्यासाठी दुकानात काहीच झालं नव्हतं.

मी म्हटलं, काय थट्टा चालवली आहे? दर्राजीने माझ्याकडे पाहिलं, गिऱ्हाइकाच्या गालावरचा फेस बोटावर घेतला आणि आरशावर लिहिलं, 'उस्ताद, तुला ऐकू येत नाही का?'

वसीला, मी एकसष्ट वर्षांचा आहे. आजवर मला कोणीही इतकं हबकवलेलं नाही. मीच माझ्या गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसलो. मशिदीचा भोंगा, तुझा फोन, तो बिनमिशांचा माणूस, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. जग पुटपुटत नव्हतं.

आता खरं सांगतो. सुलतान इथे नाही. सप्टेंबरात पिसं झडताना पक्षी गप्प होतात, तसा तोही झाला. पण हिवाळा आला तरी तो बोलेना. चोच उघडायचा, गळा फुगवायचा, आवाज नाही. मला वाटलं, मुका झाला किंवा माझ्यावर रुसला. लाज वाटून मी त्याला वर नेला. लोक म्हणायचे, उस्ताद, वरून काय गातोय सुलतान. ते शब्द मी ओठांवरून बरोबर ओळखायचो आणि टोमणे समजायचो. मी त्याला ओरडलो. शिक्षा म्हणून दिवसदिवस पिंजऱ्यावर कापड टाकून ठेवलं. पोरी, तो सहा महिने माझ्यासमोर गात होता, आणि मी त्याला गप्प बसल्याची शिक्षा करत होतो.

मार्चात एक दलाल म्हणाला, ट्युनिशियात बागेचं घर आहे, तिथे चांगल्या गाणाऱ्यांत ठेवला की याची जीभ सुटेल. मी पैसे घेतले नाहीत. मला वाटलं, मांडीवर नेईल. तू मोज्यांचं लिहिलंस तेव्हा मी तुला खोटारडी म्हटलं, कारण ते खरं असेल तर मी काय केलं, हे मला बघवलं नसतं.

त्या शेपटीचंही सांगतो. ती मक्नीनची नव्हे. तुझी जहोर मामी लग्नाआधी ज्या खिडकीत बसायची तिच्याखालून जाताना मी ती शीळ घालायचो. तीन सूर चढते, दोन उतरते आणि शेवटी एक आखूड. ती गेल्यावर ऐकणारं कोणी उरलं नाही, म्हणून पक्ष्यांना शिकवली.

त्याला सोडू नका. त्याला मांजर माहीत नाही, ससाणा माहीत नाही. पुढ्यात दाणा ठेवल्याशिवाय तो खात नाही. तुझ्या बाईंना सांग, मला काय शिक्षा करायची ती करा.

मामा

*

ऐन द्राहम, २१ मे

मामा,

तुझं पत्र काल दुपारी मिळालं. बूजमा सीमेवरच्या रांगेत दीड दिवस अडकला होता. पक्षी सकाळी दहालाच सोडायचे होते.

म्हणून आधी हे सांगते, सुलतान जिवंत आहे.

तुझं उत्तर येईना तेव्हा काल पहाटे मी जाळीच्या खोलीत गेले. एक्केचाळीस पक्षी, सगळे सारखे. तुझी शीळ घालायचा प्रयत्न केला. तुला माहीत आहे, मला शीळ येत नाही, नुसती हवा जाते. कसेबसे तीन चढते सूर निघाले. सगळे फडफडले, आणि कोपऱ्यातल्या एकाने दोन उतरते आणि तो आखूड सूर लावून गाणं पुरं केलं. सुलतानसारखंच त्याच्या डाव्या पायाला एक नख नाही. मी धावत जाऊन मुंजियाबाईंना उठवलं.

दहा वाजता अंगणात नगराध्यक्ष होते, शाळेची मुलं होती, ट्युनिसहून कॅमेरे आले होते. मी चार ओळींचं भाषण पाठ केलं होतं, ते विसरले. म्हटलं, माझं वाक्य खोटं होतं. तुम्ही ऐकलंत ते गाणं माझ्या मामाने पिंजऱ्यात शिकवलेलं आहे. रानातून पकडलेले चाळीस जण आज जातील, पण ज्याच्या आवाजाने तुम्ही सगळे इथे आलात तो जाऊ शकत नाही, तो बाहेर जगणार नाही. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मग दार उघडलं, चाळीस जण एका झपाट्यात बुचाच्या झाडांत गेले. सुलतान लहान पिंजऱ्यात बसून बघत होता.

मला वाटलं, आता सामान बांधायचं. मुंजियाबाई म्हणाल्या, "खोटं तू पसरवलंस, आता खरंही तूच पसरव." त्यासाठी तुझं नाव लागेल, मामा. तू नको म्हणालास तर मी दुसरं काहीतरी शोधेन.

तुझ्या पत्रातलं कापडाचं वाचून मी फार रडले. तुझ्या कानांचं मला कळायला हवं होतं. मीही फोन आदळतच होते ना?

सुलतान कायद्याने परत देता येणार नाही. पण भेटायला कोणी कोणाला अडवत नाही. ये.

वसीला

*

अन्नाबा, ६ जून

पोरी वसीला,

तुला भेटून सुखरूप परत पोचलो. बूजमा वाटभर बोलत होता आणि मी मान हलवत होतो, दोघेही खूश.

नाव घाल. पूर्ण घाल: लख्मिसी न्हावी, जुनं गाव, अन्नाबा. मोज्यांचंही माझ्या नावानिशी लिही. इथे तिघांनी माझ्याशी बोलणं सोडलंय. तसंही मला ऐकू येत नव्हतं, त्यामुळे फार बिघडलं नाही. दोघांनी मात्र येऊन विचारलं, मोज्यांचं खरं का? मी म्हटलं, माझ्या भाचीने स्वतः पाहिलंय.

इस्पितळात गेलो होतो. डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहून दिलं, की कानाच्या यंत्राने दार आपटलेलं कळेल, माणसाचं बोलणं थोडंफार कळेल, पक्ष्याचं नाही. तेवढे बारीक सूर आता माझ्यापर्यंत येणार नाहीत. मी तो कागद आरशात खोचून ठेवलाय. हुकाला रिकामा पिंजरा टांगलाय, दार उघडं ठेवून.

एक विचारायचं राहिलं, आणि ते मला स्वस्थ बसू देत नाही. त्या दिवशी सुलतानच्या पिंजऱ्यापुढे मला बाकावर बसवून तू मागे उभी राहिलीस. ठरलं होतं, की मी शीळ घालायची आणि त्याने उत्तर दिलं की तू माझा खांदा दाबायचा. मी पाच वेळा शीळ घातली. तू चार वेळा दाबलास. पाचव्या वेळी दाबला नाहीस, उलट हात काढून घेतलास. मी मागे पाहिलं तर तुझं तोंड उघडं आणि तुझ्या त्या बाई डोळ्यांना रुमाल लावून बाहेर चाललेल्या. मी विचारलं, काय झालं? तू वहीत लिहिलंस, 'नंतर सांगते.' मग टॅक्सी आली.

त्याने तोंड फिरवलं ना? माझा आवाज त्याला आठवला असेल, त्याच्याबरोबर कापडही. त्याचा राग रास्त आहे. पण मला फसवू नकोस, जे असेल ते लिही.

मामा

*

ऐन द्राहम, ११ जून

मामा,

तेव्हा सांगितलं नाही, कारण मला खात्री नव्हती. न तपासता एक गाणं जगापुढे मांडून मी एकदा तोंडघशी पडले आहे. म्हणून तू गेल्यापासून रोज पहाटे रेकॉर्डर घेऊन रानात जातेय. आज नववा दिवस. आता लिहिते.

पाचव्या वेळी सुलतान गप्प होता, हे खरं. पण रागाने नाही. तोही ऐकत होता.

तू तिथे बसून दोन सूर उतरलास आणि तो आखूड सूर लावलास, आणि उत्तर मागून आलं, भिंतीपलीकडच्या बुचाच्या झाडावरून. शेपटी जशीच्या तशी. तिकडे पिंजरा नाही, मामा. तिकडे वीस मेला सोडलेले चाळीस जण आहेत. त्यांतले बरेचसे तरणे होते, तू विचारलं होतंस ना? ते सात आठवडे सुलतानच्या शेजारी होते.

आजपर्यंत ती शेपटी गाणारे तिघे मोजले आहेत. एकाने नाल्यावर घरटं बांधलंय.

मुंजियाबाई विचारतात, बाकीच्यांकडून उत्तर काढायला तुझी ती चढती शीळ नीट कशी घालायची. मला जमत नाही. गुरुवारी बूजमाबरोबर ये. या वेळी हात काढून घेणार नाही.

वसीला